वॉकर कुणाकडे आहे?

रुग्णांना वॉकर, व्हीलचेअर अशा वस्तू वापरायला देणाऱ्या आणि काम झालं की परत घेणाऱ्या आमच्या रुग्णसाहित्य केंद्राबद्दल मागच्या अंकात मी दोन परिच्छेद लिहिले आणि या महिन्यात पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं तिशीच्या आतल्या मुलामुलींची आहेत. मोबाइल, इंटरनेट हाताशी आहे, त्याचा लोकांसाठी उपयोग करायचाय, असं जवळपास सगळ्यांनी लिहिलंय. वाचून फार बरं वाटलं. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी इंदूरच्या ट्रंक एक्स्चेंजवर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रावर, ऑपरेटर म्हणून लागले आणि दूरसंचार खात्यातूनच निवृत्त झाले. ह्यांना २०११ साली अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मागेपुढे करता येणारी कॉट, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, सगळं विकत घेतलं. हे गेल्यावर ते सामान कॉलनीत एकाला दिलं, त्याच्याकडून दुसऱ्याला गेलं. पुढे लोकांनी आपलंही सामान आणून दिलं आणि लोकमान्यनगरातलं आमचं गॅरेज भरलं. आज आम्ही सात बायका आणि दोन पुरुष मिळून ते केंद्र चालवतो.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा आहे, सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत नोकरी करतो. लग्नसराईत बायपासवरच्या मॅरेज गार्डनांत पातेलीच्या पातेली अन्न फेकलं जातं ते पाहून मी एक अ‍ॅप तयार केलं. गार्डनवाल्याने उरलेल्या अन्नाची नोंद करायची, जवळच्या स्वयंसेवकाला सूचना जाते, तो अन्न उचलून गरजूंना पोहोचवतो. दोनशेवर स्वयंसेवकांनी नावं दिली, पण पाच महिन्यांत अन्न उचललं गेलं नऊ वेळा. आई म्हणते, नोकरीत लक्ष घाल. माझं काय चुकतंय?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : तुला तू म्हणते, माझा मोठा नातू तुझ्याहून थोडाच लहान आहे.

आधी त्या नऊ रात्री कागदावर मांड. कुठलं गार्डन, कुणी कळवलं, किती वाजता, कोण गेलं, कुणी खाल्लं. माझा अंदाज असा की त्यांतल्या बहुतेक रात्री तू स्वतः तिथे होतास, नाहीतर गार्डनचा मॅनेजर तुझ्या ओळखीचा होता. अ‍ॅपमुळे काम झालं की ओळखीमुळे, हे तुलाच कळेल.

आता रात्री साडेअकराचं गार्डन डोळ्यांसमोर आण. हलवाई दिवसभर भट्टीपुढे उभा राहून थकलाय. त्याची पोरं भांडी घासताहेत, हात तेलकट आहेत, बाहेर लोडिंग रिक्षा उभी आहे. यांतला कोण खिशातून मोबाइल काढून 'पनीर बारा किलो' अशी नोंद करणार? तो फार तर ओळखीच्या नंबरावर फोन लावेल. 'भैया, आ जाओ, तीन भगोने बचे हैं', एवढं सांगून ठेवून देईल. तुझ्या व्यवस्थेचं दार तिथे असायला हवं.

दुसरी गोष्ट वेळेची. शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, आणि मे महिन्यातल्या आपल्या हवेत तर त्याहूनही जपायला हवं. पंगतीत साडेआठला उघडलेली दह्याची, पनीरची भांडी साडेअकराला उचलून कुणाच्या ताटात वाढू नकोस. न उघडलेली, झाकलेली, गरम भांडी कुठली ते हलवायाला आधीच वेगळी ठेवायला सांगावं लागतं, आणि ते त्याच्याशी सकाळी बोललं तरच होतं. शिवाय रैनबसेऱ्यातली, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यातली मंडळी किती वाजता झोपतात हे तू तिथे जाऊन विचारलंस का? एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात बसलेले नातेवाईक कधी जेवतात? अन्न मध्यरात्री मोकळं होतं आणि भूक संध्याकाळी आठला लागते. मधल्या या चार तासांचा काही बंदोबस्त केल्याशिवाय दोनशे स्वयंसेवक असोत की दोन हजार, त्यांचा उपयोग नाही.

आमच्याकडे काय घडलं ते सांगते, कारण आम्हीही याच रस्त्याने गेलो. पहिल्या वर्षी अकरा वॉकर दिले, चार परत आले. वहीत रकाने तीनच होते : नाव, फोन, तारीख. तेव्हा एका कंपनीने आपणहून आम्हाला अ‍ॅप करून दिलं. वस्तूंचे फोटो, नकाशा, सगळं देखणं होतं. आम्ही हौसेने वही बंद केली. वर्षभरात त्या कंपनीने तो उपक्रम गुंडाळला, सर्व्हर बंद केला, आणि कुठली वस्तू कुणाच्या घरी आहे ती सगळी माहिती त्याच्याबरोबर गेली. त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरायचा : वॉकर कुणाकडे आहे?

मग आम्ही जुनी वही काढली आणि दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच दोघीजणींनी फोन करायचे ठरवलं. वस्तू परत द्या असं म्हणायचं नाही. 'कसं चाललंय?' एवढंच विचारायचं. त्या फोनांनी आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नसते.

सुदामानगरच्या एका आजींच्या सुनेने फोनवर सांगितलं, 'वॉकर छान आहे, पण त्या वापरतच नाहीत.' मी गेले. वॉकर दारामागे उभा होता आणि त्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते. आजींना उभं केलं, हातात वॉकर दिला. खांदे कानांपर्यंत चढले, कोपर बाहेर फेकले गेले, दोन पावलांत त्या दमल्या. आधी तो वॉकर सहा फुटी माणसाकडे होता आणि आम्ही तसाच पुढे दिला होता. वॉकरच्या चारही पायांना भोकं असतात, त्यांत एक स्प्रिंगची बटणवजा खुंटी बसते. ती दाबली की पाय आत-बाहेर सरकतो. माणसाने ताठ उभं राहून हात खाली सोडले की मनगटाच्या घडीला मूठ यायला हवी, एवढीच खूण. चारही पाय तीन-तीन भोकं आत घेतले, झिजलेले रबरी बूट बदलले. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, गॅसवरच्या दुधाकडे बघून म्हणाल्या, 'अगं, उतू जाईल.' किती तरी दिवसांनी त्या आपल्या पायांनी तिथवर गेल्या होत्या. सुनेने पदराने डोळे पुसले.

त्या दिवसापासून वहीत रुग्णाची उंची आली, शेजाऱ्याचा फोन आला, आणि व्हीलचेअर मागणाऱ्यांसाठी संडासाच्या दाराची रुंदी आली. साधी व्हीलचेअर पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि आपल्या जुन्या घरांतली बरीच दारं त्याहून अरुंद असतात. खुर्ची घरात पोहोचते आणि नेमकी हवी तिथे जात नाही.

तंत्रज्ञान सोडलं असं समजू नकोस. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने हीच वही आम्हाला ऑनलाइन शीटमध्ये मांडून दिली. पंचेचाळीस दिवस झाले की ओळ लाल होते, गुरुवारच्या दोघींना ती फोनवर दिसते, महिन्याला एकदा छापून फायलीत जाते. ती शीट नसती तर आज एवढ्या वस्तू सांभाळणं आम्हाला अशक्य होतं. पण ती शीट फोन करणाऱ्या बायकांच्या मागून आली.

म्हणून तुला सांगते, शहरभरची गार्डनं सोड. दोन गार्डनं आणि एक रैनबसेरा धर. बुकिंगच्या दिवशीच गार्डनवाल्याशी बोल, हलवायाला तुझा नंबर दे, झाकणाचे स्टीलचे डबे आणि एक टेम्पोवाला पक्का कर. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाऱ्यांकडे जाऊन अन्न कसं होतं ते विचार. दिल्लीत २०१४ साली सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीची मंडळी पैसा न घेता, फक्त माणसांच्या वेळेवर हेच काम अनेक शहरांत करतात. त्यांच्याबरोबर काही रात्री फिरलास तर तुझी दोन वर्षं वाचतील. तुझं अ‍ॅप तेव्हा उपयोगी पडेल, कदाचित अगदी वेगळ्या रूपात.

आणि नोकरी सोडू नकोस. आईला एकदा रात्री गार्डनवर घेऊन जा.

प्रश्न : मी धार जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करते. आमच्या बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही, स्मार्टफोन असला तर तो नवऱ्याकडे. तंत्रज्ञानाच्या गप्पा ऐकल्या की आपण मागे राहिलो असं वाटतं. अशा ठिकाणी त्याचा काय उपयोग?
— एक वाचक, महू

उत्तर : ताई, मागे राहिल्यासारखं मुळीच वाटून घेऊ नका. मला माहीत असलेली उत्तम उदाहरणं तुमच्यासारख्याच जागांची आहेत, त्यांतलं एक तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं.

झाबुआत एके काळी नारू घरोघरी होता. नारूच्या अळ्या पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात असतात, ते पाणी प्यालं की अळी माणसात जाते आणि साधारण वर्षाने हातभर लांब जंत पायातून फोड फोडून बाहेर येतो. आग शमवायला माणूस पाय विहिरीत बुडवतो आणि पुन्हा हजारो अळ्या पाण्यात उतरतात. यावर औषध नव्हतं, लसही नव्हती. उपाय होता तो घट्ट विणीच्या कापडाचा : पाणी गाळून प्यायचं आणि नारू असलेल्याने पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचं नाही. इंदूरच्या बारली संस्थेने हे काम तिथे केलं. ही संस्था १९८५ साली ग्रामीण आणि आदिवासी मुलींच्या प्रशिक्षणासाठी सुरू झाली. भिलीत बारली म्हणजे घर तोलून धरणारा मधला खांब. झाबुआतल्या ३०२ गावांत नारू हटवण्याच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९२ साली संस्थेला 'ग्लोबल ५००' सन्मान दिला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कापड स्वस्त होतं. ते रोज हंड्याच्या तोंडावर बांधलं जातंय का, हे बघायला कुणीतरी दारोदार जाणं, हे खरं महागाचं काम होतं, आणि ते माणसांनी केलं.

दुसरं गडचिरोलीचं. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वासाच्या वेगावरून कळतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाला मणी जोडले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळ आजारी. बाईला जेवढं येतं तेवढ्यात बसणारं यंत्र त्यांनी केलं. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं.

तिसरं मला टेलिफोनवाली म्हणून फार जवळचं वाटतं. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने २०१० साली 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपल्या बोलीत, गोंडीत सुद्धा, निरोप सांगायचा : हँडपंप बिघडलाय, मजुरी मिळाली नाही. निरोप तपासून सगळ्यांना ऐकायला ठेवतात. सांगणारा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबरही सांगतो आणि ऐकणारे लांबलांबून त्या अधिकाऱ्याला फोन करतात. काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन लावून 'पंप दुरुस्त झाला' असं कळवतो. मला हा शेवटचा फोन सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या गटातही एका साध्या फोनवर हे करता येईल. आठवड्याचा एक दिवस ठरवा, प्रत्येकीने आपल्या आवाजात एक अडचण नोंदवायची, आणि ती सुटली की तिनेच येऊन सांगायचं.

प्रश्न : आमच्या रामबागेतल्या भजनी मंडळाने चाळीस हजार रुपये जमवलेत. तुमच्यासारखं रुग्णसाहित्य केंद्र काढावं म्हणतो. आधी ट्रस्ट करायचा, सोसायटी की कंपनी? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.
— मंडळाच्या अध्यक्ष, इंदूर

उत्तर : वहिनी, आधी दोन व्हीलचेअर, चार वॉकर आणि एक कमोडची खुर्ची घ्या आणि सहा महिने चालवून बघा. त्याला कसलीच नोंदणी लागत नाही. आम्ही चार वर्षं तशीच काढली.

देणग्या येऊ लागल्या, बँकेत मंडळाच्या नावाने खातं हवं झालं, की नोंदणी करा. आपल्याकडे मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ आहे, त्याखाली किमान सात सभासद लागतात. भजनी मंडळाला हेच सोयीचं पडतं, कारण निर्णय बैठकीत घ्यायची सवय तुम्हाला आहेच. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब द्यावे लागतात, ते कुणाच्या गळ्यात पडणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. ट्रस्टमध्ये विश्वस्त मोजके असतात आणि सहसा बदलत नाहीत. कलम आठची कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याखालची पण नफा न वाटणारी, मोठ्या कामासाठी, तुम्हाला आत्ता नको. देणगीदाराला आयकरात सूट हवी असेल तर पुढे आयकर खात्याकडे वेगळ्या नोंदण्या कराव्या लागतात, बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या. या नोंदण्या मुदतीच्या असतात, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आणि दोन हजारांवरची रोख देणगी ऐंशी-जीच्या सवलतीत बसत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा, नंतर मनं दुखावतात.

चाळीस हजारांतले पाच हजार बाजूला ठेवा. चाकांच्या ट्यूब, रबरी बूट, ब्रेकच्या तारा, यांसाठी. सुरुवातीला हे कुणाला सुचत नाही आणि सहाव्या महिन्यात निम्म्या वस्तू कोपऱ्यात पडतात.

प्रश्न : माझी मुलगी अंध आहे, बी. ए.ला मराठी घेतलंय. नात्यातली चार-पाच मंडळी तिच्यासाठी पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करतात. उत्साह खूप आहे, पण परीक्षेच्या वेळी तिला हवं ते सापडत नाही. शिवाय असं रेकॉर्डिंग करणं कायद्यात बसतं का, अशी शंका एकाने काढली.
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बसतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी नफा न कमावता पुस्तक दुसऱ्या रूपात करण्याची मुभा मिळाली. याच हेतूने २०१३ साली मराकेश करार झाला आणि तो मंजूर करणारा भारत जगात पहिला देश होता. फक्त ती रेकॉर्डिंगं सरसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाटू नका, ज्यांना गरज आहे त्यांच्यापुरतीच ठेवा.

सापडत नाही, हे दुखणं मात्र मला चांगलं माहीत आहे. तुमची मंडळी एका दमात तासभर वाचतात आणि फाइलला फोनने दिलेलं नाव तसंच राहतं. उद्यापासून असं करा. एका प्रकरणाची एक फाइल. नावात पुस्तक, प्रकरण, पान कुठून कुठपर्यंत. वाचणाऱ्याने सुरुवातीला पुस्तकाचं, लेखकाचं नाव आणि आवृत्ती सांगायची, पान उलटलं की पानाचा आकडा मोठ्याने म्हणायचा. तळटीप आली तर 'टीप सुरू, टीप संपली' असं सांगायचं. कविता वाचताना ओळ कुठे तुटते ते कळेल इतकं थांबायचं. ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचा असेल तिथे शब्द फोडून सांगायचा, ती परीक्षेत लेखनिकाला तसंच सांगणार आहे.

आणि कुणी एकाने सगळ्या फाइलींची यादी सांभाळायची. वाचणारे दहा मिळतात. यादी सांभाळणारा एक मिळाला तर त्याला जपा. तो नसेल तर तेच पुस्तक दोघं वाचत बसतात आणि तिसरं कुणीच वाचत नाही.

वाचायला लागण्याआधी 'सुगम्य पुस्तकालय'मध्ये शोधा. हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं, तिथे पुस्तक तयार असेल तर तुमचे चाळीस तास वाचतील. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी ते बनवलं, कारण विकत मिळणारी सॉफ्टवेअरं अंध माणसाला परवडत नव्हती. ते मराठीही वाचतं. आवाज सुरुवातीला यांत्रिक वाटतो, महिन्याभरात कान सरावतो. तुमची लेक ज्या वेगाने ऐकायला लागेल तो वेग तुम्हाला झेपणार नाही.

तिला एक विचारा माझ्या वतीने. धाकट्या वर्गातल्या अंध मुलांसाठी ही यादी ती स्वतः सांभाळेल का? कुठलं रेकॉर्डिंग चांगलं आणि कुठलं निरुपयोगी, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

प्रश्न : सेवेच्या कामात पगार घेणं योग्य आहे का? आणि गरिबाकडून पैसे घ्यावेत का?
— एक वाचक, देवास

उत्तर : माझं उत्तर दोन्हीला हो असं आहे, आणि विचार करून देते आहे.

मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी निवृत्तीनंतर, १९७६ साली, अकरा खाटांवर अरविंद नेत्रालय सुरू करून बसले. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या हातांनी ते मोतिबिंदूची शस्त्रक्रिया करत. ज्यांना परवडतं त्यांच्या पैशातून न परवडणाऱ्यांची शस्त्रक्रिया फुकट किंवा अगदी कमी पैशात व्हायची, आणि डॉक्टर-परिचारिका पगारी होते. डोळ्यात बसवायची भिंगं बाहेरून आणणं महाग पडायचं, म्हणून १९९२ साली त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पगार नसता तर हे इतकी वर्षं टिकलं नसतं. कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ पासून गरीब घरांत सौरदिवे विकलेच, वाटले नाहीत. फक्त हप्ता माणसाच्या कमाईच्या चालीने बांधून दिला, रोज कमावणाऱ्याला रोजचा.

आम्ही अनामत घेतो, वस्तू परत आली की सगळी परत देतो. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून घेत नाही, आणि ते वहीत लिहीत नाही. व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रींना मात्र प्रत्येक कामाचे पैसे देतो. त्यांनी पुष्कळदा नको म्हटलं. मी ऐकलं नाही, त्यांचंही घर आहे.

प्रश्न : वडील दीड महिन्यापूर्वी गेले. त्यांच्यासाठी घेतलेली एअरबेड घरी पडून आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही. तुमच्याकडे चालेल का? कशी आणून द्यायची?
— एक वाचक, अन्नपूर्णा मार्ग, इंदूर

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली दुसरी ओळ मी दोनदा वाचली. घाई करू नका. आमच्या गुरुवारच्या फोनांत कितीदा असं होतं की पलीकडे माणूस गप्प होतो आणि आम्हाला कळतं. तेव्हा आम्ही सामानाचा विषय काढतच नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करतो.

एअरबेड आम्हाला नेहमीच कमी पडते. त्या गादीतले हवेचे कप्पे आलटून पालटून फुगतात आणि बसतात, त्यामुळे शरीराचा एकच भाग दाबला जात नाही, पाठीला आणि माकडहाडाला जखमा होत नाहीत. महिनोन् महिने पडून असलेल्या माणसाला तिचा किती आधार असतो हे तुम्ही पाहिलंच आहे.

मन तयार होईल तेव्हा एवढं करा. गादी जमिनीवर पसरून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा, मग साध्या पाण्याने. वाळवायची ती सावलीत, उन्हात प्लास्टिक कडक होऊन चिरतं. नळ्यांत पाणी जाऊ देऊ नका. पूर्ण वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सैल गुंडाळी करा, घट्ट घडी घातली की घडीवरच भोक पडतं. कुठून हवा जाते अशी शंका असेल तर तिथे खडूने गोल करून ठेवा, आमचे मिस्त्री ठिगळ लावतील.

गॅरेज रोज संध्याकाळी पाच ते सात उघडं असतं. येताना वडिलांची उंची आणि वजन अंदाजाने सांगा, म्हणजे कुणाला द्यायची ते ठरवायला सोपं जाईल. आणि कॉटच्या पायथ्याशी अडकवलेला तो छोटा पंप, त्याची वायर आणि दोन्ही नळ्या आठवणीने आणा. गादी येते आणि पंप घरी राहतो, असं फार वेळा होतं.